"पुरे" म्हणायला शिकणं – पैसा, हप्ते आणि तृप्त राहण्याबद्दल एका खजिनदाराचं उत्तर

सलाम भावा. तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि मग घरात मोठ्यानं वाचून दाखवला, कारण पैशाच्या बाबतीत एकट्यानं उत्तर द्यायचं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलंय, ते का ते पुढं येईलच. वयानं तू लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं की तू पस्तिशीत आहेस, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला कंपनीत सुपरवायझर, बायको खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, दोघांचे मिळून ७१ हजार येतात, आर. के. नगरात फ्लॅट घेतलाय, एक पोरगी आहे. संडे स्कूलपासून "जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा" पाठ आहे. पण बरोबरच्या मित्रानं सेव्हन सीटर घेतली आणि तेव्हापासून झोप लागत नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात समाधानी राहा, वडील म्हणतात हातपाय हलवायचं हेच वय, आणि तुला दोघांचंही पटतंय. शिवाय मोबाईलच्या ॲपवरनं ४० हजाराचं लोन काढलंयस जे बायकोला माहीत नाही. आणि शेवटी विचारलंयस, ख्रिस्ती माणसानं तृप्त राहायचं म्हणजे प्रगती करायची नाही काय?

मी एका पतसंस्थेत ३१ वर्षं कर्ज विभागात काम केलं आणि त्यातली १७ वर्षं आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार पण होतो. म्हणजे सोमवार ते शनिवार लोकांची कर्जं बघायची आणि रविवारी त्याच लोकांच्या अर्पणाच्या पावत्या फाडायच्या. एकच माणूस दोन्ही टेबलांवर बघितला की त्याच्याबद्दल लई काही कळतं. त्या जोरावर बोलतोय, धर्मशास्त्राची डिग्री माझ्याकडं नाही.

पावतीवरनंच सुरू करतो. प्रेषित पौलानं "ज्या स्थितीत आहे तिच्यात तृप्त राहायला मी शिकलो" असं लिहिलं ते बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात, आणि ते पत्र कैदेतनं लिहिलंय हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते वाक्य कुठल्या परिच्छेदात येतं ते नीट बघ. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती पौलाला मदत पाठवली होती, आणि १० ते २० ही वचनं म्हणजे त्या मदतीची पोच आहे. १८व्या वचनात "मला सगळं मिळालं" असं तो म्हणतो ना, तिथला मूळ ग्रीक शब्द त्या काळात व्यवहाराच्या पावतीवर "रक्कम पूर्ण भरून पावली" अशा अर्थानं लिहायचे. मला हे जेव्हा एका जुन्या पाळकांनी सांगितलं तेव्हा मी हातातलं पावतीपुस्तक बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो. पैसे नको म्हणणाऱ्या माणसाचं हे पत्र नाहीये. त्याला गरज होती, त्यानं पैसे घेतले, आनंदानं घेतले, पोच दिली, आणि त्याच पोचपावतीत सांगितलं की हे आले नसते तरी मी बुडालो नसतो.

आणि दुसरं म्हणजे तो म्हणतो मी "शिकलो". दोनदा म्हणतो. उपाशी राहायला शिकलो आणि भरल्या पोटी राहायला पण शिकलो. म्हणजे हे त्याच्याकडं उपजत नव्हतं, एका प्रार्थनासभेत हात वर केले आणि मिळालं असंही नाही. सायकल शिकतो तसं, पडून, खरचटून, परत चढून. त्यामुळं तुला आज तृप्त वाटत नाही म्हणजे तुझा विश्वास खोटा आहे असं अजिबात धरू नको, तू अजून शिकतोयस एवढंच. तृप्त या अर्थाचा त्यानं वापरलेला शब्द त्या काळच्या तत्त्वज्ञांचा होता, त्यांच्या लेखी त्याचा अर्थ होता की मी माझ्यापुरता पुरेसा, मला कोणाची गरज नाही. पौलानं शब्द तोच घेतला पण दोन ओळींनंतर त्याचं मूळ बदललं, मला सामर्थ्य देणारा आहे त्याच्यामुळं मी हे करू शकतो. ते १३वं वचन आपली पोरं गाडीच्या काचेवर लावतात, परीक्षेला जाताना म्हणतात, म्हणू देत, पण मुळात ते वचन पगार कमी पडण्याबद्दल आणि पगार जास्त होण्याबद्दल आहे.

आता तुझा प्रगतीचा मुद्दा. त्याच फिलिप्पै गावात पहिली जिचं मन प्रभूनं उघडलं ती लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी बाई, थुवतीरा गावची. प्रेषितांची कृत्ये १६ वाच. जांभळं कापड म्हणजे त्या काळचा भारी माल, आपल्याकडं पैठणीचं दुकान म्हण. पौल तिला दुकान बंद कर म्हणाला असं कुठंही नाही, उलट तिच्याच घरात सगळे उतरले. वाढणं पाप नाही रे. प्रमोशन मिळत असेल तर घे, कोर्स कर, बायकोला पुढं शिकायचं असेल तर शिकू दे. मी तुला एकच विचारतो, आणि हे माझ्या टेबलापलीकडं बसलेल्या कित्येकांना विचारलंय, की किती झालं की "पुरे" म्हणशील? आकडा सांग. बहुतेकांकडं आकडा नसतो. २० हजार पगार असताना ३० झाले की बास म्हणत असतात, ३० झाले की ५०, आणि हे मी एकाच माणसाच्या तीन वेगवेगळ्या कर्ज अर्जांवर त्याच्याच अक्षरात वाचलंय. पुरेची रेघ पैसे यायच्या आधी मारावी लागते. पैसे आल्यावर मारायला बसलं की ती सरकत राहते.

मला हे कसं कळलं ते सांगतो, सांगायला आजही जड जातं.

माझा साडू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. एकाच मांडवात आमची ओळख झाली, दोघंही साध्या घरातले. त्यानं शिरोलीला छोटं वर्कशॉप टाकलं, फाउंड्रीची मशिनिंगची कामं घ्यायला लागला आणि चांगलं चाललं. कष्ट करत होता, प्रामाणिक होता, त्याच्याबद्दल एक शब्द वाईट बोलायला जागा नाही. त्यानं चारचाकी घेतली आणि पहिल्या दिवशी आमच्या दारात घेऊन आला, पेढे घेऊन, आम्हाला रंकाळ्यावर फिरवायला. मी हसत हसत बसलो, आणि पूर्ण वेळ माझं लक्ष सीटकव्हरवर. त्या रात्री मी हिशोब करत बसलो की माझ्याकडं काय काय नाही. तोपर्यंत त्या घरात मला काही कमी आहे असं कधी वाटलं नव्हतं. घर तेच, पगार तोच, बायको तीच, पोरं तीच, आणि एका संध्याकाळीत सगळं अपुरं झालं.

बायबलातल्या दहा आज्ञांपैकी दहावी आठव. चोरी करू नको, खून करू नको, ही सगळी दुसऱ्याला दिसणारी पापं. दहावी तेवढी आतली, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको, त्याच्या बैलाचा, त्याच्या गाढवाचा. बैल आणि गाढव म्हणजे त्या काळची कामाची आणि प्रवासाची साधनं, म्हणजे शेजाऱ्याची गाडी निर्गम २० मध्ये आधीपासूनच आहे. आणि आज्ञेत "शेजारी" म्हटलंय हे महत्त्वाचं, कारण आपल्याला अंबानीचा हेवा वाटत नाही, साडूचा वाटतो, बरोबर ट्रेनी म्हणून लागलेल्या मित्राचा वाटतो.

तर मग मी काय केलं. एका ओळखीच्या माणसानं स्कीम आणली, महिन्याला ४ टक्के परतावा, तीन वर्षांत पैसे दुपटीच्या वर. मी कर्ज विभागात बसणारा माणूस, मला कळायला पाहिजे होतं की महिन्याला ४ टक्के कुठलाही सरळ धंदा देत नाही, आणि मनात खोल कुठंतरी कळतही होतं. पण मला गाडी पाहिजे होती. १ लाख ८० हजार घातले, त्यात बायकोच्या पाटल्या गहाण टाकून आणलेले पण होते, तिला सांगितलं सोसायटीत ठेव ठेवलीय. पाच महिने पैसे आले, सहाव्या महिन्यात ऑफिसला कुलूप. मी घरी सात महिने सांगितलं नाही. सात महिने मी चर्चमध्ये अर्पणाची थैली फिरवली, प्रभुभोजन घेतलं, लोकांना हिशोब वाचून दाखवला, आणि घरी येऊन जेवताना मान खाली. पाटल्या सोडवायची तारीख जवळ आली तेव्हा सांगावं लागलं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, पैसे गेले त्याचं नंतर बघू, सात महिने तुम्ही एकटे कुठं होता? त्या पाटल्या शेवटी गुजरीत, सराफाकडं मोडल्या. तेव्हापासून आमच्या घरात एकच वही आहे, दोघांच्या अक्षरातली.

म्हणून भावा, ४० हजार हा तुझा मोठा आकडा नाही. लपवलेलं मोठं आहे.

इथं स्कीमबद्दल जरा वेगळं पण बोलतो कारण आपल्या लोकांत हे लई चालतं, आणि कधीकधी प्रार्थना करून चालतं. जो माणूस बायबल हातात घेऊन, ब्रदर-सिस्टर म्हणत परतावा सांगतो त्याच्यापासून दुप्पट सावध राहा. आणि जो उपदेशक म्हणतो एवढ्याचं बी पेर, देव शंभरपट देईल, त्याच्याबद्दल पौलानं तीमथ्याला आधीच लिहून ठेवलंय, पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात, की काही लोक भक्ती हे कमाईचं साधन समजतात. आणि "समाधानासहित भक्ती हाच मोठा लाभ" हे वचन बरोबर त्याच्या पुढचं आहे. आपण ते एकटं उचलून फ्रेम करतो, पण ते अशाच लोकांना दिलेलं उत्तर आहे. मंडळीच्या दानपेटीतनं व्याज काढायला जाणाऱ्यांनी माझ्यासमोर विश्वास गमावलाय, पैशांसकट, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. व्यवहाराचं पण सांगून ठेवतो, बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका माणसामागं ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, २०२० पासून, त्याआधी १ लाख होतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते संरक्षण नाही. मी स्वतः पतसंस्थेत आयुष्य काढलं तरी हे सांगतो, सगळं एका जागी ठेवू नको.

मग साठवायचं का नाही? हा पण प्रश्न येतो, की उद्याची चिंता करू नका म्हटलंय, मग एसआयपी कशाला. मान्ना आठव, रानात इस्राएली लोकांना देव रोज द्यायचा ते अन्न, निर्गम १६. माणशी एक ओमर, म्हणजे त्या काळचं एक माप, गोळा करायचं, कोणी जास्त गोळा केलं तरी मोजल्यावर जास्त भरलं नाही, कमी गोळा केलं त्याला कमी पडलं नाही, आणि ज्यांनी सकाळपर्यंत ठेवलं त्यात किडे पडले. एवढं सगळे सांगतात. पण त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं आणि ते सकाळी खराब झालं नाही, कारण दुसऱ्या दिवशी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस होता. म्हणजे साठवण्यात किडे नसतात, कशासाठी साठवतोयस त्यात असतात. मिसर देशात योसेफानं सुगीच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढायला लावला आणि त्यावर दुष्काळात देश जगला. पोरीचं शिक्षण, आजारपण, नोकरी गेली तर चार-सहा महिन्यांचा घरखर्च, हे सहाव्या दिवशीचं ओमर आहे, बिनधास्त साठव. आणि जेवणात-कपड्यात पण अपराधी वाटून घेऊ नको. तीमथ्याच्या त्याच पत्रात, त्याच अध्यायाच्या १७व्या वचनात देव आपल्याला उपभोगासाठी सगळं विपुल देतो असं आहे, रविवारी उपासनेनंतर पोरीला घेऊन मिसळ खाल्ली तर त्याचा हिशोब देवाला द्यायला लागत नाही, आभार मानून खा.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायची आहे. तृप्त राहा हे वचन खालच्या माणसाच्या तोंडावर मारायचं नाही. माझ्या उमेदीत एका ठिकाणी कामगारांचा पगार थकला होता आणि तिथला ख्रिस्ती अधिकारी त्यांना तुझं ते "जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा", इब्री १३:५, ऐकवत होता. त्याला याकोबाच्या पत्राचा ५वा अध्याय कोणी दाखवला नसावा, तिथं कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं शिपायांना "आपल्या पगारात तृप्त असा" म्हटलं, लूक ३:१४, पण त्याच वाक्यात आधी काय आहे, कोणाकडनं धाकानं पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका. म्हणजे ज्याच्या हातात ताकद आहे त्याला तृप्त राहायला सांगितलंय, जेणेकरून दुसऱ्याचं ओरबाडलं जाणार नाही. तुझ्या बायकोला हॉस्पिटलात डबल ड्युटीचे पैसे मिळत नसतील तर ते मागणं असमाधान नाही, तो तिचा हक्क आहे. आणि तू सुपरवायझर आहेस, तुझ्या हाताखालच्या कंत्राटी पोरांच्या हजेरीच्या बाबतीत तू सरळ आहेस ना, हे पण याच विषयात येतं.

आता तुझे हप्ते बघू. घराचे २१,५००, गाडीचे ३,९००, मोबाईलचे २,७५०, आणि ॲपचे ४,१००. बेरीज ३२,२५०, म्हणजे ७१ हजारातले ४५ टक्के पहिल्या पाच तारखेच्या आत गेले. मी कर्ज मंजूर करायला बसलो असतो तर इथं थांबलो असतो. घराचं राहू दे, ते चालेल. पहिलं ॲपचं संपव, कारण त्याचं व्याज सगळ्यात महाग असणार. त्यांनी तुला टक्के सांगितले असतील ते फ्लॅट का रिड्युसिंग हे बघ. समज १ लाख घेतले, १२ महिने, १० टक्के फ्लॅट. व्याज १० हजार, हप्ता साधारण ९,१६७. ऐकायला १० टक्के. पण तू दर महिन्याला मुद्दल फेडत जातोस आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतं, रिड्युसिंगच्या हिशोबानं तेच जवळजवळ १८ टक्के पडतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर महिन्याला ३-साडेतीन टक्क्यांनी वाढते, वर्षाला ४० च्या आसपास. आणि गल्लीतल्या सावकाराकडं महिन्याला ५ नि १० टक्क्यानं जाऊच नको, विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी लोक जातात कारण तो कागद मागत नाही. भिशी लागली की ॲपच्या लोनमध्ये घाल, दिवाळीचा बोनस त्यात घाल, आणि ते संपेपर्यंत नवीन हप्ता नाही म्हणजे नाही. सेव्हन सीटरचा विषय त्यानंतर घरात दोघांनी बसून काढा. तीन माणसांच्या घरात सात सीट का लागतात हे तेव्हा आपोआप बोललं जाईल.

कर्जाकडं मी कसा बघतो सांगू? असमाधान मनात असतं तेव्हा त्याचा आकार नसतो, हप्ता झाला की त्याला तारीख मिळते. माझ्याकडं लग्नाच्या कर्जासाठी आलेले आईबाप आठवतात, आमच्याच मंडळीतले. पोरीच्या लग्नाला ४ लाख पाहिजेत, हॉल, साज, ठुशी, हजार माणसांचं जेवण. मी विचारायचो, एवढ्यात नाही बसत का? उत्तर ठरलेलं, लोक काय म्हणतील. लोक जेवून जायचे, रस्सा चांगला होता म्हणायचे आणि विसरायचे, आणि बाप ५ वर्षं माझ्या काउंटरला हप्ता भरत उभा. नाताळचं पण तसंच व्हायला लागलंय आता, गव्हाणीत जन्मलेल्याच्या वाढदिवसाला कर्ज काढून कपडे. आपल्या जुन्या पिढीला मी बघितलंय, १८५२ मध्ये मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले तिथपासनं मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या आसऱ्यानं ज्यांची घरं उभी राहिली त्या घरांतले म्हातारे-म्हाताऱ्या. एक पत्र्याची ट्रंक, त्यात रविवारचा एक जोड, बायबल, गीतांचं पुस्तक. गरिबीचं मी कौतुक करत नाही, त्यांनी उपास काढलेत, पोरं औषधावाचून गेलीत. पण पाहुणा आला तर ताट वाढताना त्यांचा हात अडखळायचा नाही.

देण्याबद्दल. तू लिहिलंयस की हप्त्यांमुळं दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देणं, बंद केलाय आणि त्याची टोचणी आहे. मी खजिनदार होतो, पण मी तुला आधी कर्ज फेड म्हणेन, आणि ते फेडत असताना थोडं का होईना पण देत राहा. आकडा कितीही असू दे, ५० रुपये असू दे. मंदिरात त्या गरीब विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकल्या तेव्हा प्रभू पेटीसमोर बसून बघत होता, मार्क १२, म्हणजे तो रकमा बघत होता आणि रकमेमागचं बघत होता. देणं हे मंडळीच्या खर्चासाठी लागतं ते ठीक आहे, पण त्याचा खरा उपयोग देणाऱ्याच्या मुठीला आहे, मूठ उघडायची सवय मोडली की ती परत उघडायला लई जोर लागतो. आमच्याकडं हंगामाच्या सणाला लिलाव होतो, तुमच्याकडं पण होत असेल. कोणी भोपळा आणतं, कोणी कोंबडी, कोणी गुळाची ढेप. एका वर्षी एका म्हातारीनं परसातली चार वांगी आणली होती. ती वांगी ६०० रुपयांना गेली, आणि ज्यानं घेतली त्यानं ती परत तिच्याच हातात ठेवली, आणि तिनं ती परत लिलावात दिली, मग परत कोणी तरी घेतली. सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. मी पावत्या फाडत होतो आणि मला पहिल्यांदा वाटलं की पैसा असाही हलका होऊ शकतो.

वडिलोपार्जित जागेचा पण तू एका ओळीत उल्लेख केलायस, भावाबरोबर वाद चाललाय म्हणून. भावा, मोठी कोठारं बांधायचे बेत करणाऱ्या आणि त्याच रात्री जीव गेलेल्या मूर्ख धनवानाचा दाखला प्रभूनं कोणत्या प्रश्नावर सांगितला ते लूक १२ मध्ये बघ. गर्दीतनं एक जण ओरडला, गुरुजी, माझ्या भावाला सांगा वतनाची वाटणी करून दे. आपल्याकडं सातबारा आणि दीड गुंठा चालतं तेच. प्रभू म्हणाला, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग तो कोठारवाल्याचा दाखला. त्या धनवानाचं बोलणं मोठ्यानं वाच, माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, आणि बोलतोय कोणाशी, तर स्वतःच्याच जिवाशी. त्याच्या अख्ख्या बोलण्यात दुसरा माणूसच नाही. जागेतला तुझा हक्क सोडून दे असं मी म्हणणार नाही, कागद बघितल्याशिवाय कोणी म्हणू नये. पण भावाशी बोलणं बंद झालं असेल तर ते आधी सुरू कर, वकील नंतर.

लोक मला विचारतात की ऑगस्ट २०१९ च्या पुरानं तुम्हाला काय शिकवलं. मी खरं सांगतो, पुरानं आपोआप कोणी काही शिकत नाही. पाणी उतरल्यावर आम्ही मंडळीतले पंधरा-वीस जण कुंभार गल्लीच्या बाजूला घरं साफ करायला गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला सोफे, गाद्या, फ्रीज, शोकेस, सगळं एकाच चिखलाच्या रंगाचं, कुठलं महागाचं आणि कुठलं स्वस्तातलं ते कळत नव्हतं. घरमालकीण म्हणाली, निघताना औषधं, कागदपत्रं आणि सासूबाईंना उचललं, बाकी सुचलंच नाही. मला वाटलं हे बघून सगळे बदलतील. सहा महिन्यांत त्याच गल्लीत आधीपेक्षा मोठे टीव्ही हप्त्यावर आले, आणि २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही तसाच आहे. पाटल्या गेल्यावर सुद्धा दुकानासमोर गाडी बघून माझे पाय थांबलेत. म्हणून पौलाचा तो शब्द मी धरून ठेवतो, शिकलो. मला ६७ पूर्ण झाली, मी अजून शिकतोय. नीतिसूत्रे ३० मधली आगूराची प्रार्थना आम्ही दोघं दर महिन्याच्या एक तारखेला वहीवर हात ठेवून म्हणतो, दारिद्र्य नको, श्रीमंती नको, लागेल तेवढं अन्न दे, नाहीतर भरल्या पोटी मी तुला नाकारीन किंवा उपाशीपोटी चोरी करीन. आणि मग पुढच्या महिन्याचा किराणा लिहितो.

साडूचं सांगायचं राहिलं. ती गोष्ट मी त्याला पुढं जाऊन सांगितली, की तुझ्या गाडीमुळं मी रात्रभर जागा होतो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, दाजी, त्या वेळी वर्कशॉपवर १४ लाख कर्ज होतं, तुम्ही तुमच्या घरात निवांत झोपत असाल असं वाटून मीच तुमचा हेवा करत होतो. तुझ्या सेव्हन सीटरवाल्या मित्राला एकदा घरी जेवायला बोलव.

पण ते नंतर. आज पोरगी झोपली की टीव्ही बंद कर, दोन कप चहा कर, वही घे, आणि वर पहिल्या ओळीत लिही: ॲपचं लोन, ४० हजार, हप्ता ४,१००. मग वही बायकोच्या बाजूला सरकव. ती रडेल, कदाचित चिडेल, उठून आत जाईल. तू तिथंच बसून राहा. आणि जमलं तर मला कळव, आम्ही दोघं आज रात्री तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करतोय.